पवन मावळ : परतीचा पाऊस, भातकापणी आणि दिवाळीपर्यंतची हवा

पवनाकाठ · २२ सप्टेंबर, सकाळी ७.४०

राम राम मंडळी.

खालच्या खाचरांत इंद्रायणी भात निसवून झालंय, लोंब्या चिकात आहेत, म्हणजे दाणा अजून दुधाळ आहे. गडाच्या अंगाला ज्यांनी आंबेमोहर लावलंय त्यांचं अजून पोटरीत आहे, लोंबी बाहेर यायचीय. म्हणजे इथून पुढचे पाच-सहा आठवडे वर्षभराचं पीक आभाळाच्या हवाली. याच दिवसांत दरवर्षी व्हॉट्सॲपवर जिल्ह्याचे रंगीत नकाशे फिरतात, आणि काले कॉलनीत ऊन पडलेलं असताना तुंगच्या पायथ्याला कापलेलं भात भिजत असतं. जिल्ह्याचा अंदाज आपल्या खोऱ्यापर्यंत पोचता पोचता फार पातळ होतो. म्हणून फक्त पवन मावळापुरतं, पवना धरणाच्या आपल्या खोऱ्यापुरतं इथे लिहू या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "मान्सून परतला" ही बातमी आली म्हणून कोणी सगळं शेत एका दमात आडवं करू नये. तीन दिवसांत वाळवून, बांधून, झोडून घरात येईल तेवढंच कापायचं, मग पुढचा तुकडा. आणि त्यासाठी सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम, आत्ताच ठरवायची.

असं का म्हणतो, तर २०१९ आठवा. त्या वर्षी राजस्थानातून पाऊस परतायला ९ ऑक्टोबर उजाडला, इतका उशीर आधी नोंदलेला नव्हता. मग आठवड्याभरात, १६ ऑक्टोबरला, तो सगळ्या देशातून गेल्याचं जाहीर झालं. लोकांनी विळ्यांना धार लावली. आणि त्यानंतर अरबी समुद्रात आधी क्यार, त्याच्या पाठोपाठ महा. दोन्ही वादळं आपल्या किनाऱ्याला धडकली नाहीत, तरी राज्यभर उभी आणि कापलेली पिकं कुजली. परतीची घोषणा खरी होती, नुकसान तिच्यानंतर झालं. २००९ चं फयान वादळ तर ११ नोव्हेंबरला आलं, तेव्हा आपल्याकडे कापणी ऐन रंगात असते.

तेव्हा तीन गोष्टी मागतोय. ज्याला जी माहिती आहे ती त्याने लिहावी, कोणाचं भात कधी तयार होतंय ते सांगावं, आणि जमेल त्यांनी रोज सकाळी आपल्या वाडीतला पाऊस मोजून इथे टाकावा.

गडपायथा · २२ सप्टेंबर, सकाळी ९.१५

चांगलं काम हाती घेतलंस बाबा. आमच्या वेळेला हे सगळं नक्षत्रावर चालायचं. आत्ता उत्तरा चालू आहेत. "पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा," इतकं पिकतं म्हणायचे. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त लागेल, मग १०-११ ऑक्टोबरला चित्रा, २४ च्या आसपास स्वाती. हस्ताचा पाऊस गडगडाट करून येतो, हादग्याला पाटावर हत्ती काढतात तो त्याचाच. भाताला हा पाऊस लागतो, दाणा भरायला पाणी हवंच. चित्राचा पाऊस नको असतो. स्वातीचा पडला तर रब्बीला सोनं, पण आपलं भात तेव्हा खाली पडलेलं असतं. पठारावरच्या ज्वारीवाल्यांना तो मोत्यासारखा, आम्हाला नको.

चुलते सांगायचे, वारा कोणत्या अंगाने येतो ते दुपारी बघ. सकाळी डोंगरावरून गार वारं आलं तर त्याला महत्त्व देऊ नको, ते रोजचं आहे. दुपारी दोनला तिकोन्याच्या माथ्यावर ढग उभा राहिला आणि वारा उगवतीचा झाला की संध्याकाळी येणार.

ढगवाचक · २२ सप्टेंबर, रात्री १०.०५

गडपायथा काकांच्या चुलत्यांनी जे सांगितलं त्याला भक्कम कारण आहे. जरा सविस्तर लिहितो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा समुद्राकडून येतो आणि घाट चढताना सगळं पाणी टाकतो. म्हणून लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि पुण्यात जेमतेम सव्वासातशे-साडेसातशे. आपलं खोरं या दोन टोकांच्या मधे आहे, पश्चिमेला जास्त, पूर्वेला उतरता. त्या दिवसांत लोणावळ्याचा आकडा बघितला की आपला अंदाज बांधता येतो.

ऑक्टोबरमध्ये हे चित्र उलटतं. समुद्राकडचा वारा मंदावतो, वरच्या थरात वारा पूर्वेकडून वाहायला लागतो. जमीन ओली, ऊन कडक, हवेत दमटपणा शिल्लक. दुपारी ढगांचे मनोरे चढतात आणि वरच्या वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे सरकतात. त्यामुळे आपला ऑक्टोबरचा पाऊस घाटाकडून येत नाही, पौड-मुळशीकडून किंवा सोमाटणे-तळेगावकडून येतो. या दिवसांत लोणावळा कोरडं आहे म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं आहे. असा ढग एका गावावर अर्धा तास ओततो आणि ओढ्यापलीकडच्या गावात रस्ताही भिजत नाही.

आता "परतला" कधी म्हणतात ते. वायव्य भारतात १ सप्टेंबरनंतर सलग पाच दिवस पाऊस थांबला, हवेतला ओलावा उतरला आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवर घड्याळाच्या दिशेने फिरणारे वारे बसले, की परतीची सुरुवात जाहीर होते. हवामान खात्याने २०२० मध्ये सरासरी तारखा सुधारल्या. पश्चिम राजस्थानातून निघण्याची तारीख आता १७ सप्टेंबर आहे, मुंबईतून ८ ऑक्टोबर, सगळ्या देशातून १५ ऑक्टोबर. पण सरासरी ती सरासरीच. २०२२ मध्ये मुंबईतून पाऊस जायला २३ ऑक्टोबर झाला होता.

परतीनंतरचा पाऊस येतो तो बहुतेक दोन वाटांनी. एक अरबी समुद्रातून, पवनाकाठांनी लिहिलंय तसा. दुसरी वाट बंगालच्या उपसागराची. २०२० ला १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ एक तीव्र कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवर आलं आणि तेलंगण, सोलापूर, पुणे असं आडवं येत अरबी समुद्रात गेलं. पंढरपूरला पूर आला तो त्याच वेळी. म्हणजे आंध्रच्या किनाऱ्याला काही लागलं की आपल्याकडे दीड-दोन दिवस हातात असतात. कापणीत दीड-दोन दिवस म्हणजे खूप मोठी सूचना आहे. त्यामुळे ऑक्टोबर लागला की रोज संध्याकाळी मी उपसागरावर लक्ष ठेवतो, तुम्हीही ठेवा.

पुण्यातला_मावळी · २३ सप्टेंबर, सकाळी ८.३०

ढगवाचक दादा, फार उपयोगी. माझं घर खोऱ्यात आणि नोकरी हिंजवडीत. कापणीसाठी रजा टाकायची असते आणि ती महिनाभर आधी सांगावी लागते. लांब पल्ल्याचा अंदाज येतो त्यावरून तारीख धरता येईल का? यंदा ला निना, एल निनो वगैरे काय म्हणतात?

ढगवाचक · २३ सप्टेंबर, दुपारी १.२०

तारीख धरता येणार नाही, हे सरळच सांगतो.

ऑक्टोबर ते डिसेंबरचा अंदाज हवामान खातं सप्टेंबर संपता संपता देतं. त्यात भर असतो तो तमिळनाडू, केरळ, आंध्र अशा दक्षिणेकडच्या भागावर, कारण ईशान्य मान्सून तिकडचा. एल निनो-ला निनाचा संबंध तिकडच्या पावसाशी बऱ्यापैकी जोडता येतो. आपल्या खोऱ्यात २८ ऑक्टोबरला भात भिजेल की नाही, हे त्यातून कळणं शक्य नाही. महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा कमी झाला तरी तो एकाच संध्याकाळी पडू शकतो, आणि कापलेल्या भाताला ती एक संध्याकाळ पुरते.

त्याऐवजी हे करा. दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो, त्यातून पुढचा आठवडा ओला की कोरडा इतपत कल मिळतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो, तो पाच दिवसांचा असतो. कापणी ठरवायला हाच खरा कामाचा. आणि त्या दिवशीच्या दुपारसाठी तीन तासांचा तातडीचा इशारा. रजा अख्खी एका आठवड्याला बांधू नका, दोन तुकड्यांत मागा.

अंदाजात "तुरळक ठिकाणी" असेल तर त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे असं समजा, "काही ठिकाणी" म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत. आपलं गाव त्यात आहे की नाही हे कोणी सांगितलेलं नसतं. "तुरळक" वाचून भात उघडं टाकू नका.

खाचरवाली · २३ सप्टेंबर, रात्री ९.५०

सगळ्यांचं वाचलं. मी कापणीच्या बाजूने लिहिते, कारण भिजलेलं भात हाताळायचं काम शेवटी आम्हा बायकांच्या वाट्याला येतं.

दाणे शेकडा ऐंशी-नव्वद सोनेरी झाले की कापायला घ्यावं, बुडाचे थोडे हिरवट राहिले तरी चालतात. सगळी लोंबी पिवळीधमक होण्याची वाट बघितली तर दाणा झडतो. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचराची मुखं फोडून पाणी काढून टाका. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्या खाचरात पाऊस पडला की चिखल होतो, कापलेल्या भाताचा कडपा वाळत टाकायला कोरडी जागा राहत नाही, मळणीचं यंत्रही बांधापर्यंत येत नाही.

सकाळी दहिवर वाळल्याशिवाय विळा लावू नये. आमच्याकडे ऊन चढायला नऊ-साडेनऊ होतात, धरणाच्या कडेला दहाही. ओल्या चुडाचा कडपा टाकला की खालची बाजू वाळत नाही.

आणि कापल्यावर पाऊस आलाच, तर घाबरून ओल्या पेंढ्यांचा ढीग घालून वर ताडपत्री टाकायची नाही. त्या ढिगात हात घालून बघा, संध्याकाळपर्यंत आत ऊब धरलेली असते. दुसऱ्या दिवशी दाण्याला कोंब दिसतो, तांदूळ पिवळा पडतो आणि वास धरतो. त्यापेक्षा पेंढ्या उचलून बांधावर लोंब्या वर करून उभ्या टेकवायच्या, पाणी निथळू द्यायचं, ऊन आलं की उलट-सुलट करायच्या. ताडपत्री टाकायची ती कोरड्या भाऱ्यावर, आणि खाली हवा खेळेल अशी.

भिजून वाळलेल्या भाताची गिरणीत कणी जास्त होते, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. इंद्रायणीला भाव मिळतो तो अख्ख्या, वासाच्या दाण्याला. आपल्याच वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेलं हे वाण, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ च्या संकरातलं. आयआर ८ चा बुटकेपणा त्यात उतरलाय म्हणून आंबेमोहरापेक्षा वाऱ्यात तग धरतं. आंबेमोहर उंच, एका वादळी पावसात लोळतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी आंबेमोहराकडे जास्त लक्ष द्या. ते तयारही उशिरा होतं.

तुकड्या-तुकड्याने कापायचं हे मला शंभर टक्के पटलं. पण दादा, मजूर तसे मिळत नाहीत. टोळी आली की तिला सलग काम लागतं, एक दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी असं कोण येणार?

पवनाकाठ · २४ सप्टेंबर, सकाळी ६.५५

ताई, म्हणूनच सावड म्हणतोय. टोळी एका घरासाठी न बोलावता पाच-सहा घरांनी मिळून बोलवावी. आज तुमचं अर्धं खाचर, उद्या आमचं अर्धं, परवा तिसऱ्याचं. टोळीला सलग काम मिळतं आणि कोणाच्याही शेतात एका वेळी तीन दिवसांपेक्षा जास्तीचं कापलेलं पडून राहत नाही. एखादी पाळी पावसात सापडली तरी नुकसान सगळ्यांत थोडं-थोडं वाटलं जातं, एकाचंच घर बसत नाही. खोऱ्याच्या वरच्या वाड्यांत अजून असं करतात. खालच्या गावांत यंत्र आलं आणि हे सुटत गेलं.

क्रम भात तयार होण्यावर ठरवायचा. आधी हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, मग इंद्रायणी, शेवटी आंबेमोहर. ज्यांची जमीन ओढ्याला लागून आहे त्यांना त्यांच्या गटात पुढे घ्यायचं. कोणाकोणाची तयारी आहे ते लिहा.

तुंगाची_वाट · २४ सप्टेंबर, दुपारी ४.१०

आम्ही चार घरं तयार आहोत. आमच्याकडे फोनला रेंज नसते, रस्त्यावरच्या वळणावर येऊन हे लिहितोय. दुपारचा तातडीचा इशारा आम्हाला कळणार कसा?

गडपायथा · २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

देवळाच्या स्पीकरवरून सांगू. खालच्या गावातून दुकानाच्या लँडलाइनवर एक फोन करायचा, तिथून पोरगं देवळात जाईल. गुरवाशी मी बोलतो.

ढगवाचक · २५ सप्टेंबर, रात्री ९.००

पाऊस मोजण्याबद्दल. सरकारी नोंद होते ती महसूल मंडळाच्या केंद्रावर. अतिवृष्टी धरतात ती मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर. काले मंडळाचं यंत्र एका जागी, आणि मंडळातली गावं डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेली. ऑक्टोबरचा ढग यंत्रावर पडलाच नाही तर नोंदीत कोरडा दिवस दिसतो. आपली घरगुती नोंद त्याची जागा घेणार नाही, पण रोजची, सलग, पाच-सात वाड्यांची नोंद असली तर पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार राहतो. आणि पुढच्या वर्षी कोणत्या वाडीवर कोणता ढग येतो तेही हळूहळू कळेल.

मापक घरी होतो. ११.३ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं नरसाळं घ्या, खाली बाटली. त्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून बाटलीत १० मिलिलिटर पाणी जमलं की १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने मोजता येतं. मापक उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट अंतर लांब. पत्र्याच्या पागोळीखाली ठेवू नका. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, खात्याचीही तीच आहे, म्हणजे आकडे जुळवून बघता येतील.

पुण्यातला_मावळी · २६ सप्टेंबर, सकाळी १०.४५

नरसाळी मी पुण्यातून आणतो. मोजून त्याच मापाची बघतो. येत्या शनिवारी काले कॉलनीत ठेवतो, न्यायला या. माझी रजा दोन तुकड्यांत मंजूर झाली.

बांधावरचा · ३ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

पावसाबरोबर एक दुसरी गोष्ट. दोन दिवस ढगाळ, उकाडा, आणि आज सकाळी खाचरात बघतो तर चुडांच्या बुंध्याशी दाण्यांचा सडा. लोंब्या कुरतडलेल्या. लष्करी अळी आहे. दिवसा बांधाच्या गवतात आणि चुडाच्या बुडाशी लपते, अंधार पडला की वर चढते. पाऊस उघडून ऊब आली की ही हमखास वाढते.

बांधाचं गवत आज काढतोय. ज्यांच्या खाचराला अजून पाणी आहे त्यांनी ते लगेच सोडू नये, पाणी असलं की अळीला खाली लपायला जागा मिळत नाही आणि पक्षी टिपतात. भात हिरवं आहे तोवर फवारणीचा विचार करता येतो, तेही कृषी सहायकांना दाखवून आणि संध्याकाळी. कापणी आठ-दहा दिवसांवर आली असेल तर फवारू नका, लवकर कापून घ्या. रात्री बॅटरी घेऊन आपापलं शेत बघा. दिवसा काहीच दिसत नाही.

खाचरवाली · ३ ऑक्टोबर, रात्री ८.४०

बघून आले. आमच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात आहे. बरं झालं वेळेत सांगितलंत.

पवनाकाठ · ९ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

काल संध्याकाळची नोंद पाहा, ढगवाचक म्हणाले ते डोळ्यांनी दिसलं. तिकोना पेठेच्या बाजूला ३१ मिमी, काले कॉलनीला ४, तुंगकडे शून्य. ढग थेट मुळशीकडून आला, विजा भरपूर. लोणावळ्यातून भाऊ फोनवर म्हणाला, इकडे चांदणं आहे.

विजांबद्दल कोणीतरी नीट लिहा. काल एक बाई विळा-पेंढ्या टाकून आंब्याखाली जाऊन उभी होती.

ढगवाचक · ९ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि मी आधीच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. परतीच्या पावसात विजेचा धोका जुलैपेक्षा पुष्कळ जास्त असतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, पाऊस सुरू झालेला नसला तरी. लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. एकटं झाड, विजेचा खांब, ताडपत्रीचं खोपट, यांतलं काहीही आसरा नाही. खाचरातल्या पाण्यात उभं राहू नका. घर लांबच असेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, आणि एकमेकांपासून अंतर ठेवून बसा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी शेतात परतायचं नाही.

दामिनी ॲप पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरांत वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. प्रत्येक टोळीत एकाच्या फोनवर असू द्या. कापणी राहिली तर दुसऱ्या दिवशी होते.

गडपायथा · ९ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

स्पीकरवर हेही सांगायला लावतो. आजपासून.

बांधावरचा · १७ ऑक्टोबर, रात्री ९.१५

विम्याचं आणि पंचनाम्याचं थोडक्यात, कारण रोज कोणीतरी विचारतंय. एक रुपयातला विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. तेव्हापासून आपल्या हिश्श्याचा हप्ता भरावा लागतो आणि भरपाईचा मुख्य आधार मंडळातला पीक कापणी प्रयोग आहे, म्हणजे निवडक शेतांत कापून मोजलेलं उत्पादन. आपल्या एकट्याच्या शेतात भिजलं तर त्यातून मिळेलच असं नाही, नियम दर हंगामाला तपासून घ्या. सरकारी मदत वेगळी. तिच्यासाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. भिजलेलं भात त्यांच्या येण्याआधी उचलावं लागलंच तर तारीख आणि ठिकाण दिसेल असा फोटो काढून ठेवा. मागे एका कार्यालयात माझे फोटो तारीख नाही म्हणून मोजले गेले नव्हते.

तुंगाची_वाट · २१ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

आमचं हळवं घरात आलं. तीन तुकडे केले, मधला अर्धा भिजला. ताईंनी सांगितलं तसं लोंब्या वर करून बांधावर टेकवलं, दुसऱ्या दिवशी ऊन मिळालं. वास नाही, कोंब नाही. इंद्रायणीला सोमवारपासून हात घालतोय. पुढचं काय दिसतंय?

ढगवाचक · २१ ऑक्टोबर, रात्री ९.४०

आजच्या सल्ल्यात पुढचे पाच दिवस आपल्याकडे कोरडे आहेत. उपसागरात हालचाल दिसतेय, पण तिचा रोख अजून ठरलेला नाही. म्हणून सोमवारी सुरू करा, पण तीन दिवसांचंच कापा, चौथ्या दिवसाचं मंगळवारचा सल्ला वाचून ठरवू. खालचा वारा आता बहुतेक दिवस पूर्व-ईशान्येचा आहे, दुपारचे मनोरे बुटके राहतायत. ही चांगली लक्षणं आहेत. ओढ्यावर करडे धोबी पक्षी महिन्याभरापासून दिसतायत, थंडीची ही खूणही काकांच्या यादीत टाका.

ताडपत्र्या मात्र खोलीत ठेवू नका, शेतातच असू द्या.

खाचरवाली · २ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

आज पहाटे पहिलं जाड धुकं. धरणाकडून पवनानगरपर्यंत पलीकडचा बांध दिसत नव्हता, आणि आमच्या वरच्या वाडीत लख्ख ऊन. वरती गारवाही कमी. खाली राहणाऱ्यांना थंडी जास्त कशी?

ढगवाचक · २ नोव्हेंबर, दुपारी २.००

ताई, रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून खाली वाहत जाते. आपल्या खोऱ्याला उत्तरेला लोहगड-विसापूर, दक्षिणेला तुंग-तिकोना. दोन्हीकडची गार हवा तळाला साठते. तिथे धरणाच्या पाण्याचा आणि ओल्या खाचरांचा दमटपणा मिळतो आणि धुकं धरतं. वरच्या वाड्या या गार हवेच्या थराच्या वर राहतात. काकांच्या चुलत्यांनी "सकाळचं गार वारं सोडून दे" म्हटलं ते हेच वारं.

याचा उपयोग असा की वाळवण आता वरच्या वाड्यांत सकाळी दोन तास आधी सुरू होतं. ज्यांना शक्य असेल त्यांनी खालचं झोडलेलं भात वरच्या खळ्यावर न्यावं. साठवणीला दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या खाली यायला हवा. दाताखाली धरून कट्‌कन तुटला तर बहुतेक आलाय.

पुण्यातला_मावळी · ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

आमचं इंद्रायणी आज संपलं. आंबेमोहराचा एक तुकडा राहिलाय, तो पुढच्या रजेत. रिकाम्या खाचरात ओल चांगली आहे. हरभरा टाकायचा की मसूर? का एखाद्या पावसाची वाट बघू?

गडपायथा · ८ नोव्हेंबर, रात्री ८.१५

पावसाची वाट बघू नकोस. विशाखात पाऊस आला तर आला. भात निघालं की ओल दिवसाला उडते, खाचर भेगाळायला लागलं की बी उगवत नाही. उद्याच नांगराचा एक हलका हात दे, नाहीतर ओलीवर तसंच टाक. वरच्या हलक्या वावरात मसूर, खाली काळ्या भारी खाचरात हरभरा. धरणाच्या अगदी कडेला, जिथे धुई बसते, तिथे हरभरा दाट पेरू नको, फुलात येईल तेव्हा हवा खेळायला पाहिजे.

पवनाकाठ · ८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

आमच्या गटाचं दोन घरांचं आंबेमोहर बाकी आहे, मंगळवारचा सल्ला वाचून बुधवारी टोळी तिकडे. नोंदी कोणी थांबवू नका, नोव्हेंबरअखेरपर्यंत चालू ठेवू. आणि मसुराचं बियाणं ज्यांच्याकडे उरलंय त्यांनी इथे लिहा, वरच्या वाडीत तीन घरांना कमी पडतंय.